सगुणकाकांची साद

माझं अक्षर चांगलं नाही, हे आधीच सांगून ठेवते. शाळा चौथीपर्यंतच झाली. वेलांटी पहिली की दुसरी हे मला अजून कळत नाही, हाताला येईल ती देते. ओळीसुद्धा लिहिता लिहिता खाली उतरत जातात. हे कोणी वाचणार नाही, मी दाखवणारही नाही. पण लिहायला बसलं की समोर कोणीतरी बसलंय असं वाटतं, म्हणून माफी मागितली. आता सगुणकाकांबद्दल लिहिते.

सगुणकाका धारगळला आमच्या शेजारी राहायचे. मधे त्यांची माडांची बाग आणि एक कुंपण, एवढंच अंतर. उंच, काटकुळे, डोक्याला तपकिरी कानटोपी, ती ऐन उन्हाळ्यातसुद्धा. पूर्वीचे ते शिकारी. बंदूकवाले शिकारी पेडण्यात पुष्कळ झाले असतील, पण काकांचं नाव होतं ते बदकांना बोलावण्याबद्दल. चिवारीच्या, म्हणजे बारीक बांबूच्या नळीत त्यांनी माडाच्या पातीची जीभ बसवली होती. ती फुंकली की बदकाचा आवाज निघायचा आणि वरून जाणारी बदकं खाली यायची. लोक तिला पिपाणी म्हणायचे. काकांना राग यायचा.

"पिपाणी पोरांची," ते म्हणायचे. "ही साद."

मी दोडामार्गकडची. लग्न करून डिचोलीत आले. आमचे हे सुर्ल्याला खाणीवर टिपर चालवायचे. खाणी बंद पडल्या तशी कामं गेली. मग यांच्या एका ओळखीच्याने धारगळला खोली बघून दिली आणि आम्ही हायवेकडे आलो. रस्त्यावर भाजीची टपरी घालायची असं मी मनात धरलं होतं. पण लाकूड, पत्रे, तराजू, पहिला माल, सगळ्याला पैसे हवेत. यांना कोणाकडे मागायला लाज वाटायची. मला तर कोणाशी बोलायलाच लाज वाटायची. तरी एक दिवस मीच गेले.

काका पायरीवर बसून सादेची पाती बदलत होते. मी फाटकाशी उभी राहिले. किती वेळ उभी होते देव जाणे. तोंडातून शब्द येईना. शेवटी मी वळले आणि परत निघाले. तेवढ्यात मागून बदक ओरडलं. एकदाच, हळू. मी दचकून मागे बघितलं, तर काका नळी तोंडाला लावून बसले होते.

"गो दोडामार्गकारणी," ते म्हणाले, "काय ता बोल. नायतर अशीच चलत वेंगुर्ल्याक पोचशीत."

मला हसू आलं. हसल्यावर बोलता आलं. काकांनी ऐकून घेतलं, आत गेले आणि पैसे आणून दिले. कागद नाही, सही नाही, कधी देशील हेसुद्धा विचारलं नाही. आत सगुणकाकी भांडी घासत होत्या, त्यांनी मान वर करून बघितलं आणि पुन्हा घासायला लागल्या.

त्या दिवशी मी मनात ठरवलं की हे पैसे मीच फेडायचे. यांनी नाही, मी. आणि काकांच्याच हातात.

ठरवणं सोपं होतं. टपरी सुरू झाली पण सुरुवातीला काही सुटेना. हातात पैसे नाहीत आणि रोज त्यांच्या दारावरून जायचं. मला तोंड दाखवायला लाज वाटू लागली. काका पायरीवर दिसले की मी वळून मागच्या मागे शेताच्या मेरेवरून, म्हणजे बांधावरून, लांबून जायची. मी पाठ फिरवली की साद वाजायची. मग जावंच लागायचं. गेलं की काका पैशांचं नाव काढायचे नाहीत. उंडो, म्हणजे गोल कडक पाव, चहात बुडवून खात असायचे, अर्धा मला द्यायचे आणि बदकांबद्दल बोलत बसायचे. समोरून सरळ चालत गेले तर मात्र ते कधी हाक मारायचे नाहीत. नुसतं बघायचे. हे मला विचित्र वाटायचं. एकदा धीर करून विचारलं.

"तोच तर नियम," काका म्हणाले. "पाठ दिसली तर फुंकूचा. तोंड दिसला तर गप रवाचा. येताहा तेका कित्याक बोलावतंस? येणाऱ्याक बोलावलास तर तो विचार करता, हेचा माझ्याकडे काय काम आसा? आणि फिरता."

हे ते बदकांबद्दल सांगत होते. मला आपलं वाटून गेलं.

काकांची बंदूक मी कधी बघितली नाही. निवडणूक आली की परवान्याच्या बंदुका पोलीस ठाण्यात जमा कराव्या लागतात. काकांनी एका निवडणुकीला जमा केली ती परत आणलीच नाही. शिकारीवर बंदी येऊन तेव्हा बरीच वर्षं झाली होती, बंदूक नुसती डुकरांना घाबरवायला होती. कोणी विचारलं तर म्हणायचे, "निकाल लागूक नाय अजून." काकी म्हणायच्या की आणायला जायचा कंटाळा, दुसरं काही नाही. मला दोन्ही खरं वाटत नाही.

पण शिकारीला ते रोज जायचे. पहाटेचं फटफटलं की हातात काठी आणि गळ्यात साद घालून खाली खाजनात, म्हणजे खाडीकाठच्या शेतात. पावसाळ्यातलं भात कापून झालं की तिथे पाणी साचून राहतं आणि बदकं उतरतात. अडया असतात, त्या शिट्टी घालत जातात. आणि हळदीकुंकू असतात. या बदकाच्या चोचीच्या टोकाला हळद लावल्यासारखं पिवळं आणि कपाळाशी कुंकवाचे दोन ठिपके. काकांची साद या हळदीकुंकवाची. बोलावलेलं बदक पंख ताणून, पाय पुढे करून अगदी बंदुकीच्या टप्प्यात आलं की काका काठी खांद्याला लावायचे, एक डोळा मिटायचे आणि हळूच म्हणायचे, "ठो." बदकाला ऐकू जाणार नाही इतकं हळू. घरी आले की काकींना सांगायचे, "आज दोन पडली." काकी म्हणायच्या, "बरा. मसालो वाटूक घेतंय."

खऱ्या शिकारीच्या काळात दोन काय, पुष्कळ पडायची. पण काकांनी त्यातलं एकही खाल्लं नाही. त्यांच्या घरची तशी रीत होती. बंदूकवाल्याने खावं, वाटेकऱ्यांनी खावं, साद घालणाऱ्याने खायचं नाही. घरात शागुतीच्या रश्श्याचा घमघमाट सुटायचा आणि काका बाहेर पेज आणि खारा बांगडा घेऊन बसायचे. काकी सांगायच्या, "वासान जीव जाय, पण पानाक शिवूक नाय."

मी विचारलं, "एवढं बोलवायचं, मारायचं आणि खायचं नाही?"

काका म्हणाले, "जेका हाक मारून हाडलो, तेका ताटात कसो घेवचो?"

"मग मारू का द्यायचात?"

काकांनी सादेतली पाती काढून पुन्हा बसवली. मग म्हणाले, "ता माका बापाशीन सांगूक नाय."

साद शिकवा असं मी म्हटलं नव्हतं. त्यांनीच एक दिवस नवी नळी करून हातात दिली. म्हणाले, "तुका आवाज नाय. मगे हेच्यातून तरी काड." टपरी उघडायच्या आधी मला थोडा वेळ मिळायचा, तेव्हा मी त्यांच्या मागून मेरेवर जायची. पहिला पूर्ण हंगाम त्यांनी फुंकू दिलं नाही. नुसतं ऐकायचं. कुठलं बदक घाबरून ओरडतंय, कुठलं जोडीदाराला शोधतंय, कुठलं खाता खाता आपल्याशीच पुटपुटतंय. मी म्हटलं, सगळी सारखीच ओरडतात. काका म्हणाले, बाजारात माणसं पण लांबून सारखीच ओरडतात.

फुंकायची वेळ आली तेव्हा माझ्या नळीतून असा काही आवाज निघाला की पलीकडे चरणारी म्हैस हंबरली. काका मेरेवर बसले आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले.

"रेडकू हरवला तिचा. जा गो, भेट तिका."

मग नीट सांगितलं. गाल फुगवायचे नाहीत, वारा पोटातून आणायचा. फुंकायचं नाही, नळीत बोलायचं, पण गळ्यातला आवाज न लावता. जीभ टाळूला लावून सूर तोडायचा, नाहीतर शेपूट राहते. लांबच्या थव्याला पहिली हाक लांब द्यायची, मागच्या आखूड आणि खाली उतरत्या. पाती सुकली तर आवाज फाटतो, म्हणून आधी तोंडात धरून ओली करायची. थवा वळला की थांबायचं. वळून येताना डोक्यावरून पुढे गेला आणि पुन्हा शेपट्या दिसल्या, तर परत एकदा, पण आता मोठ्याने नाही. आता फक्त पुटपुटायचं, खाता खाता पुटपुटतात तसं. हे पुटपुटणं सगळ्यांत कठीण. मला ते जमेना. माझ्या पुटपुटण्याला बदकं यायची नाहीत, घिरटी घालून जायची.

काका ऐकत राहिले आणि म्हणाले, "तू मागतंस. असा मागा नको. उपाशी बदकाच्या हाकेक कोण येणा नाय. पोट भरलेल्याच्या हाकेक येतत. पोट भरलेला आसा असा धर आणि बोल."

त्या वेळी आमचं पोट भरलेलं नव्हतं. पण मी तसं धरलं. बदकं पाण्याला टेकली तेव्हा काकांनी काठी उचललीच नाही. माझ्या हातात दिली. मी इकडे तिकडे बघितलं, कोणी नव्हतं, आणि म्हटलं, "ठो." माझ्या आयुष्यातली ती एकच शिकार.

मग मी टपरीवरही तसं करून बघितलं. शेजारचे टपरीवाले गाडी थांबली की ओरडायचे, हात करायचे. मला ओरडता यायचं नाही म्हणून मी स्वतःला नालायक समजायची. आता गिऱ्हाईक समोर येत असलं की मी गप्प राहून लाल भाजीच्या जुड्या नीट लावत बसायची, जशी काही मला विकायची घाईच नाही. वळून जायला लागलं की हळू आवाजात एवढंच म्हणायची, "अळसांद्याचे दाणे आजच सोललेत." दर वेळी उपयोग व्हायचा असं नाही. एक बाई तर वळून म्हणाल्या, "मग मी काय करू?" पण टपरी चालायला लागली. महिन्याला थोडे थोडे पैसे मी काकांकडे न्यायला लागले.

पहिल्यांदा नेले तेव्हा खाली बघून हात पुढे केला. काकांनी घेतले नाहीत. मी तशीच उभी.

"वर बघ. मी काय जमनीत पुरलेलो आसंय?"

वर बघितल्यावर घेतले, न मोजता शर्टाच्या खिशात घातले आणि खिशाचं बटण लावलं. पुढे दर वेळी तसंच. मी वर बघेपर्यंत त्यांचा हात पुढे यायचा नाही.

काकांची फजिती मला काकींनी सांगितली. काकी तेरेखोलच्या, नदीपलीकडच्या. लग्नानंतर काका पहिल्यांदा सासरवाडीला गेले तेव्हा मेहुण्यांनी आग्रह धरला, भावोजी, साद दाखवा. सासूबाईंनी खोबरं भाजून शागुतीचा मसाला वाटून ठेवला. काका मेहुण्यांना घेऊन पाणथळीला गेले. थवा आला, पहिल्याच हाकेला वळला, तोंडं करून सरळ येऊ लागला. मागे मेहुणे "वा भावोजी, वा" करतायत. काकांना राहवलं नाही. फुंकत राहिले. लांब फुंकलं, आखूड फुंकलं, मधे एक आलाप पण घेतला म्हणे. थवा असा उठला की समुद्रावर दिसेनासा झाला. दिवसभर एक बदक तिथे फिरकलं नाही. सासूबाईंनी वाटलेल्या मसाल्यात बटाटे घातले आणि जावयाला वाढले. तेव्हापासून काकींच्या माहेरी काकांचं नाव वाजंत्री. माहेरच्या कुठल्याही लग्नात काका गेले की मेहुणे त्यांना हाताला धरून बँडवाल्यांच्या बाकावर नेऊन बसवायचे.

"पण बटाट्याची शागुती खाल्ली हां त्यांनी," काकी म्हणाल्या. "बटाट्यांक साद घालूक नव्हती मा!"

ही गोष्ट कळली नसती तर सुर्ल्याला काय झालं ते मला समजलं नसतं.

खाणी बंद झाल्यावर सुर्ल्याकडच्या खड्ड्यांत पाणी भरून तळी झाली. तिथे माणसांची ये-जा नाही, म्हणून बदकं उतरू लागली. एक दिवस जीपमधून दोघं काकांकडे आले. गोड बोलले, बदकं बघायला जाऊ म्हणाले, भरपूर पैसे देतो म्हणाले. खड्ड्याची वाट आमच्या यांना माहीत म्हणून यांनाही बरोबर घेतलं. तिथे पोचल्यावर त्यांनी सीटखालून बंदूक काढली. आमचे हे घाबरले. परत जाऊया म्हणाले, पण जीप त्यांची. काकांनी पात ओली केली आणि खड्ड्याच्या कडेला जाऊन बसले.

थवा आला, हाकेला वळला आणि तोंडं करून येऊ लागला. बंदूकवाला गुडघ्यावर बसला. आणि काका फुंकत सुटले. यांनी घरी येऊन सांगितलं ते असं, "अगो, काय ता फुंकणा! देवळात बँड वाजता तसा." थवा उधळला. मागून दुसरा आला, तोही उधळला. ते दोघं चिडले. म्हाताऱ्याची साद गेली, उगीच आणला, असं तोंडावर बोलले. काका म्हणाले, "वय झाला. दम रवणा नाय." पैसे मिळाले नाहीत. परतीला त्यांनी काकांना आणि यांना अर्ध्या वाटेवर सोडून दिलं.

ही गोष्ट तिठ्यावर पसरली. सगुणाची साद गेली. जे लोक आयुष्यभर त्यांचं नाव घ्यायचे तेच हसू लागले. यांना वाईट वाटलं, खरंच वय झालं बिचाऱ्यांचं म्हणाले. दुसऱ्या दिवशी सकाळी मी मेरेवर गेले. काकांनी एक हळदीकुंकू इतकं जवळ आणलं की त्याच्या कपाळावरचे ठिपके दिसले. "ठो," काका म्हणाले.

मी विचारलं, "लोक काय काय बोलतात. सांगत का नाही त्यांना?"

"बिघडवूक पण येवक व्हया," काका म्हणाले. "ता माका सासरवाडीन शिकवला."

लोकांना त्यांनी शेवटपर्यंत काही सांगितलं नाही.

पुढे मात्र दम खरंच लागायला लागला. आधी मेरेवर मधे बसावं लागायचं, मग मेरेपर्यंत जाणं बंद झालं. पायरीवर बसायचे, साद गळ्यात असायची, पण फुंकायचे नाहीत. मी आता समोरूनच जात होते, मला वळून पळायचं कारण राहिलं नव्हतं. एक दिवस त्यांनी स्वतःची जुनी साद माझ्या हातात ठेवली आणि म्हणाले, पाती बदलत राहा. मग ते अंथरुणाला लागले. म्हापशाहून मुलगा आणि सून आली. थोडेच पैसे द्यायचे राहिले होते. मुलगा चांगला होता, म्हणाला, "ताई, आता राहिलेले सोडा. बाबांना काही आठवणार नाही." मी म्हटलं, मला आठवतं ना. माझ्या मनात एकच होतं, ते असताना त्यांच्या हातात द्यायचे. नंतर मुलाच्या हातात दिले तर ते फेडणं नव्हे.

जमले तेव्हा मी सकाळची टपरी यांच्यावर सोपवून गेले. जायच्या आधी माडाची कोवळी पात काढून सादेत नवी बसवली. का बसवली ते मला सांगता येणार नाही.

घर माणसांनी भरलेलं होतं. तेरेखोलचे म्हातारे मेहुणेसुद्धा आले होते. काका आतल्या खोलीत खाटेवर, जनेलाच्या, म्हणजे खिडकीच्या, बाजूला, भिंतीकडे तोंड करून. सून म्हणाली, कोणाला ओ देत नाहीत. मुलाने हाक मारली, मेहुण्याने "ओ वाजंत्री" म्हणून मारली. काका हलले नाहीत. मी "काका" म्हटलं, पण माझा आवाज तो काय, माझा मलाच ऐकू आला नाही.

सगळे माझ्याकडे बघत होते. एरवी मी तिथून पळाले असते. पण मला काकांची पाठ दिसत होती.

मी पात ओली केली. एक हाक दिली, लांब नाही, हळू. काकी दारात येऊन उभ्या राहिल्या. कोणी हसलं नाही. काका तसेच. मग मी थांबले आणि पोट भरलंय असं मनात धरलं. खरं तर आता धरायची गरज नव्हती, भरलेलंच होतं. आणि नळीत पुटपुटले, खाता खाता बोलतात तसं.

काकांचा खांदा हलला. ते हळूहळू कुशीवर वळले. त्यांचं तोंड दिसलं तशी मी गप्प झाले.

त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग सादेकडे. हात वर केला. काठी नव्हती, नुसतं बोट होतं. एक डोळा मिटला आणि म्हणाले, "ठो."

मेहुण्यांना काही कळलं नाही. मला हसू आलं आणि मी हसले, सगळ्यांसमोर.

काकांनी हात पुढे केला. या वेळी मी आधीपासूनच वर बघत होते. मी पैसे त्यांच्या हातात ठेवले. अंगात गंजीफ्रॉक होता, त्याला खिसा नव्हता. त्यांनी छातीवर खिसा शोधला, तो मिळाला नाही, मग पैसे तसेच छातीवर धरून ठेवले.

"फिटले?" त्यांनी विचारलं.

"फिटले, काका. सगळे."